मोठ्या मेजावरचे जुने हात

बंगळूरच्या पूर्वेस महादेवपुरा म्हणून जो भाग आहे, तो नोकरीनिमित्त तिकडे येऊन राहिलेल्या आमच्या मराठी मंडळींना आता परका राहिलेला नाही. पूर्वी तळी आणि शेते ह्यांच्यामध्ये विखुरलेली खेडी, मग नगरपालिका, आणि २००७ साली बृहत् बंगळूर महानगरपालिकेत विलीन झालेला एक गजबजलेला विभाग, असा त्याचा प्रवास. त्याच्याच परिसरात व्हाइटफील्ड आहे. १८८२ साली म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडेयर ह्यांनी अँग्लो-इंडियन समाजाच्या वसाहतीसाठी येथे सुमारे ३९०० एकर जमीन दिली आणि मद्रासेकडील पुढारी डी. एस. व्हाइट ह्यांचे नाव त्या वसाहतीस मिळाले. घरापुढे बाग, संध्याकाळी गाणे-बजावणे आणि निवृत्तीनंतरचे संथ आयुष्य, असा तो बेत होता. आज त्याच जमिनीच्या आसपास काचेच्या उंच इमारती उभ्या आहेत, आणि त्या इमारतींच्या विश्रांतिकक्षांतून, चहाच्या यंत्राशेजारी, एक लहानसे पूलचे मेज मांडलेले दिसते.

ह्या मेजापासूनच आमच्या विषयास आरंभ होतो. जेवणाच्या सुट्टीत त्याच्याभोवती जमणाऱ्यांत एखादा तरी असा असतो, की ज्याने दहा-पंधरा वर्षे ह्याच खेळात घालविली आहेत. तो क्यू हातात घेतो तेव्हा तरुण मंडळी थोडी मागे सरतात. असा मनुष्य कधी कुणाच्या आग्रहावरून शहरातल्या जुन्या क्लबात जातो आणि बारा फुटी मेजापुढे उभा राहतो, तेव्हा त्याचे काय होते? पहिल्या अर्ध्या तासात तो एकही दूरचा चेंडू पॉकेटात घालू शकत नाही. हात तोच, नजर तीच, खेळाचे ज्ञानही तेच. तरी सारे एकाएकी निसटल्यासारखे होते. बदलीच्या गावी पहिल्या दिवशी कचेरीत बसलेल्या मुरब्बी अधिकाऱ्याची जी अवस्था होते, तिच्याशी हिचे साम्य आमच्या वाचकांना आम्ही सांगावयास नकोच. परंतु ह्या खेळाच्या इतिहासात मेज बदलण्याचा प्रसंग पुनःपुन्हा आलेला आहे, आणि जुने खेळाडू त्यातून कसे निभावले हे पाहण्याजोगे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. पूल हा जुना व सोपा खेळ, आणि स्नूकर त्याचे वाढलेले, अवघड रूप, असे आज सर्वसाधारणपणे समजले जाते. पहिल्या भागात थोडे तथ्य आहे. पण हिंदुस्थानात तरी मोठे मेज आधी आले आणि लहान मेज फार उशिरा. एकोणिसाव्या शतकात जेथे जेथे इंग्रजी पलटण गेली तेथे तेथे बारा फुटी बिलियर्ड्सचे मेज गेले. पाच शिळांचे, आठ पायांचे, दीड टनाच्या आसपास वजनाचे हे धूड बैलगाड्यांतून घाट चढले. लहान अमेरिकन मेज आपल्या शहरांत सर्रास दिसू लागले ते १९९० नंतर. त्याचे एक कारण अगदी साधे आहे. कचेरीच्या सहाव्या मजल्यावर बारा फुटी मेज चढवावयाचे, तर त्याच्या शिळा वेगळ्या करून वर न्याव्या लागतात, कारागीर बोलावून त्या पातळीत बसवाव्या लागतात, आणि क्यू मागे घेण्यास चोहोबाजूंनी जागा सोडावयाची म्हणजे एक अख्खी खोली खर्ची पडते. सात फुटी मेज मात्र कोपऱ्यात मावते.

तेव्हा आपल्याकडच्या जुन्या पिढीतील खेळाडू मोठ्या मेजावर वाढले व मग लहानाकडे वळले. आजची पिढी लहानावर वाढते व मग मोठ्याकडे पाहते. प्रवासाची दिशाच उलटली आहे.

त्यातही गंमत अशी, की स्नूकर हा खेळच मुळी पूलच्या पोटी आणि आपल्याच देशात जन्मला. पूल म्हणजे मूळ अर्थाने पैजेची सामाईक रक्कम. बिलियर्ड्सच्या मोठ्या मेजावर अनेकांनी मिळून पैज लावून खेळावयाचे जे प्रकार होते, त्यांना इंग्रज लोक हे नाव देत. १८७५ साली जबलपुरात डेव्हनशर पलटणीच्या मेसमध्ये, पावसाळ्याच्या कंटाळवाण्या दिवसांत, नेव्हिल चेंबरलेन नावाच्या एका तरुण अधिकाऱ्याने पैजेच्या अशाच एका खेळात आणखी रंगीत चेंडू घालून पाहिले, अशी परंपरागत हकीगत आहे. (हा चेंबरलेन पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झालेला नव्हे; नामसाधर्म्यामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो.) लष्करी विद्यालयातील नवशिक्या विद्यार्थ्याला त्या काळी ‘स्नूकर’ म्हणत. समोरच्या खेळाडूचा सोपा चेंडू हुकला तेव्हा चेंबरलेनने त्यास त्या शब्दाने हिणविले, आणि हिणविण्याचा शब्दच खेळाचे नाव होऊन बसला. पुढे उटीच्या क्लबात, १८८२ च्या सुमारास, नियम लिहून भिंतीवर लावण्यात आले. १८८५ साली इंग्लंडचा नामांकित बिलियर्ड्सपटू जॉन रॉबर्ट्स हिंदुस्थानात आला असता कलकत्त्यास चेंबरलेनची गाठ पडून तो हा खेळ विलायतेस घेऊन गेला, असेही सांगतात. ज्या जबलपुरावर १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, तेथे नोकरीनिमित्त राहिलेल्या मराठी घरांना आपल्या गावाचा हा लौकिक क्वचितच ठाऊक असतो.

आता मेजांच्या मापाकडे वळू. ह्या बाबतीत थोडे अंकगणित केल्यावाचून गत्यंतर नाही, आणि आमचे वाचक आकड्यांना भिणारे नव्हेत.

सात फुटी म्हणविणाऱ्या मेजाचे खेळण्याचे क्षेत्र सुमारे ७८ इंच लांब व ३९ इंच रुंद असते. नऊ फुटी, म्हणजे पूलच्या मोठ्या स्पर्धांत वापरतात त्या मेजाचे, १०० इंच व ५० इंच. बारा फुटी मेजाचे ११ फूट साडेआठ इंच व ५ फूट १० इंच. म्हणजे नऊ फुटीच्या जवळजवळ दुप्पट, आणि सात फुटीच्या सव्वातीन पट क्षेत्र झाले. परंतु क्षेत्रफळ हे खरे संकट नव्हे. खरे संकट चेंडू आणि पॉकेट ह्यांच्या नात्यात आहे. पूलच्या चेंडूचा व्यास ५७.१५ मिलिमीटर, म्हणजे सव्वादोन इंच, स्नूकरचा ५२.५ मिलिमीटर, म्हणजे दोन इंचांहून किंचित अधिक. पूलच्या कोपऱ्यातील पॉकेटाचे तोंड साडेचार इंचांच्या आसपास, तर स्नूकरचे साडेतीन इंचांच्या. चेंडू पॉकेटात शिरताना पूलच्या मेजावर सव्वादोन इंच जागा मोकळी राहते आणि स्नूकरच्या मेजावर दीड इंचही राहत नाही. त्यातून स्नूकरच्या पॉकेटाचे ओठ गोल वळविलेले असतात. ओठाला लागलेला चेंडू पूलप्रमाणे आत घसरत नाही, दोन्ही ओठांवर थडथड आपटून बाहेर येतो आणि नवख्याची फजिती पाहत उभा राहतो.

समजा, लहान मेजावर एखादा चेंडू पॉकेटापासून तीन फुटांवर आहे. त्याच्या वाटेत दोन्ही बाजूंस सुमारे पावणेदोन अंशांची चूक खपून जाते. मोठ्या मेजावर तोच चेंडू सहा फुटांवर असेल, तर खपणारी चूक अर्ध्या अंशाहून थोडीशीच अधिक. इतकेच असते तर मुरलेल्या हाताने ते सोसले असते. पण आपण मारतो तो पांढरा चेंडू, आणि पॉकेटात जावयाचा असतो दुसराच. पांढऱ्याच्या वाटेतली बारीकशी चूक टक्कर होताच कित्येक पटींनी वाढून दुसऱ्याच्या वाटेत उतरते, आणि ही पट दोन चेंडूंमधील अंतराबरोबर वाढते. लहान मेजावर तीन फुटांवरून मारताना ती पंधरा-सोळा पट असते; मोठ्या मेजावर सहा फुटांवरून मारताना तिसाहून अधिक. दोन्ही हिशेब एकत्र केले, तर हाताच्या चुकीसाठी उरलेली जागा सहाव्या-सातव्या हिश्शावर येते. दहा वर्षांच्या सवयीने ज्याला आपण अचूकपणा समजत होतो, तो बव्हंशी त्या लहान मेजाचा उदारपणा होता, हे कळण्याचा क्षण फार कडू असतो.

कापडाचाही फरक आहे. पूलचे कापड गुळगुळीत व वेगवान. स्नूकरच्या लोकरी कापडाला लव असते, आणि ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बसविलेली असते. हळू चाललेला चेंडू आडवा जाताना लवेच्या दिशेने ओढला जातो. लवेविरुद्ध मारताना चेंडूला बाजूचा फिरका दिला, तर तो भलत्याच अंगाने काम करतो. पावसाळ्यात दमट हवेने कापड जड होते. हे कोणत्याही गणिताने सांगता येत नाही. त्या त्या मेजाशी बोलावे लागते. जिल्ह्याच्या क्लबांतून ज्यांच्या संध्याकाळी गेल्या आहेत, त्यांना असेही मेज आठवत असेल की ज्याच्या डाव्या कोपऱ्याकडे सगळे चेंडू आपोआप वळत, आणि तेथील जुन्या सभासदांचा निम्मा पराक्रम त्या उतारावर उभा असे.

अशा मेजावर जुने हात कसे चालले, ह्याचा सर्वांत मनोरंजक पुरावा आम्हांस बिलियर्ड्समध्ये सापडतो. बिलियर्ड्समध्ये तीनच चेंडू असतात: दोघां खेळाडूंचा एकेक, आणि एक लाल. आपल्या चेंडूने दुसऱ्या दोघांना स्पर्श केला की दोन गुण. लाल चेंडू पॉकेटात घातला अथवा त्याला लागून आपला चेंडू पॉकेटात गेला की तीन. एवढ्या प्रचंड मैदानात तीनच चेंडू! नवखा मनुष्य त्यांना मेजभर पळवीत राहतो आणि दमतो. उस्ताद काय करतो? तो तिन्ही चेंडूंना गोळा करून मेजाच्या वरच्या टोकाशी, लाल चेंडूच्या ठिपक्याजवळ आणतो आणि मग दोन-तीन फुटांच्या अंगणात शेकडो गुण करीत बसतो. बारा फुटांच्या मेजात त्याने आपले असे एक लहान मेज तयार केलेले असते.

ही युक्ती पुढे इतकी बोकाळली, की खेळाच्या कायदेकारांना तिच्यामागे धावावे लागले. १९०७ साली टॉम रीस ह्या इंग्रज खेळाडूने दोन चेंडू पॉकेटाच्या तोंडाशी अडकवून ठेविले आणि सुमारे पाच आठवडे रोज येऊन त्यांनाच स्पर्श करीत ४,९९,१३५ गुणांची खेळी केली. प्रेक्षकांचे काय झाले असेल ते असो! त्या प्रकारावर बंदी आली. मग ऑस्ट्रेलियाचा वॉल्टर लिंड्रम आला. तो चेंडू अडकवून ठेवीत नसे. कुशनच्या कडेकडेने तिन्ही चेंडूंना बोटभर अंतरात चालवीत नेई, जणू दाईने तीन मुलांना हात धरून फिरवावे. १९३२ च्या जानेवारीत लंडनला जो डेव्हिसविरुद्ध त्याने ४१३७ गुणांची खेळी केली. त्यानंतर नियम असा आला, की ठराविक गुणांच्या आत खेळाडूने आपला चेंडू मेजाच्या खालच्या टोकाकडील रेषेपलीकडे न्यावाच. त्याने रचलेले लहान मेज मोडण्यासाठी, त्याला सगळे मेज वापरावयास लावण्यासाठी, कायदा करावा लागला! जुन्या खेळाडूच्या स्वभावाचे ह्याहून उत्तम वर्णन आम्हांस ठाऊक नाही. त्याला मोठे मेज दिले तर तो त्यात आपल्या ओळखीचा कोपरा शोधतो, आणि तेथून हलण्यास त्याला हुकूमच लागतो.

जो डेव्हिसने लिंड्रमकडून मार खाल्ला, पण धडा वाया घालविला नाही. स्नूकरची जागतिक स्पर्धा १९२७ साली सुरू झाली. ती त्याने सलग १५ वेळा जिंकली, शेवटची १९४६ साली. त्याच्यापूर्वी स्नूकर म्हणजे मिळेल तो चेंडू घालावा आणि मग पांढरा चेंडू लपवून बसावे, असा खेळ होता. डेव्हिसने बिलियर्ड्समधले ते अंगण स्नूकरमध्ये आणले. काळ्या चेंडूभोवतीचे चार-पाच फूट ताब्यात घ्यावयाचे, एक लाल, एक काळा, असे चालू ठेवावयाचे आणि पांढऱ्याला फार लांब जाऊच द्यावयाचे नाही. १९५५ च्या जानेवारीत त्याने १४७ ची पहिली अधिकृत पूर्ण खेळी केली तेव्हा त्याचे वय ५३ होते. महादेवपुऱ्यातील आमच्या मित्रांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

अमेरिकेत हीच गोष्ट उलट्या क्रमाने घडली. तेथील पूलच्या मोठ्या स्पर्धा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दहा फुटी मेजावर होत. पन्नाशीच्या सुमारास नऊ फुटी मेज रूढ झाले, आणि करमणुकीच्या जागी त्याहून लहान. विली मॉस्कोनी हा त्या संक्रमणातला पुरुष. दहा फुटांवर घडलेला त्याचा हात लहान मेजावर आला तेव्हा १९५४ सालच्या मार्चमध्ये, ओहायोतील स्प्रिंगफील्ड गावी, आठ फुटी मेजावर त्याने एकही न चुकता सलग ५२६ चेंडू घातले. तो विक्रम साठ वर्षांहून अधिक काळ टिकला. २०१९ मध्ये जॉन श्मिटने ६२६ चेंडू घालून तो मागे टाकला. मोठ्या मेजावरून लहानाकडे येणाऱ्यास जागा मोकळी वाटते, हे त्यावरून दिसते. स्नूकरमध्ये सहा वेळा जगज्जेता झालेला स्टीव्ह डेव्हिस १९९४ पासून २००४ पर्यंत अमेरिकेविरुद्धच्या पूल सामन्यांत युरोपच्या संघातून खेळला, आणि २००२ साली निर्णायक डाव त्यानेच जिंकून दिला. उलट दिशेने पाहू गेल्यास, शेफील्डच्या जागतिक स्नूकर स्पर्धेत अमेरिकेचा एकही खेळाडू विजेता झालेला नाही. ह्यात कर्तबगारीचा कमीपणा मुळीच नाही. लहान मेजावर चेंडूंची गर्दी अधिक असते, वाटा अडलेल्या असतात, त्या सोडविण्याचे कौशल्य अत्यंत सूक्ष्म असते; पण ते कौशल्य मोठ्या मेजावर वापरण्याची वेळ येण्याआधी एक लांबचा चेंडू घालावा लागतो, आणि तेथेच गाडी अडते.

आपल्याकडे ह्या मेजाजवळ जाण्याचीच अडचण होती. बंगळूर क्लबची स्थापना १८६८ ची. अशा क्लबांची दारे भारतीयांना फार काळ बंद होती. मुंबईत विलिंग्डन क्लब, बंगळुरात विश्वेश्वरय्यांच्या पुढाकाराने १९१७ साली निघालेला सेंच्युरी क्लब, अशा संस्था आल्या तेव्हा कोठे देशी माणसाला सन्मानाने क्यू हाती धरता आला. त्यापूर्वी आणि त्यानंतरही ह्या मेजाला सर्वांत जवळून ओळखणारा भारतीय म्हणजे क्लबातला मार्कर. गुण मांडणे, कापड घासणे, क्यूला खडू लावून देणे आणि साहेबांना जोडीदार मिळाला नाही तर त्यांच्याशी खेळणे, हे त्याचे काम. मेजाच्या उताराची, लवेची, कुशनच्या मऊपणाची जेवढी माहिती त्याला, तेवढी कोणत्याही सभासदाला नसे. ह्या मंडळींचा इतिहास कोणी लिहून ठेविला नाही. त्यांनी इतरांचे गुण मात्र आयुष्यभर लिहिले.

मध्यमवर्गीय मराठी घरांत तर बिलियर्ड्स म्हणजे वाया जाण्याची पहिली पायरी. कॅरम घरात चाले, कारण तो आईच्या डोळ्यांदेखत खेळता येई. तरीही कॅरमने आपल्या लोकांना कोन शिकविला, हे आम्ही आवर्जून सांगू. २९ इंचांच्या त्या चौकोनी फळीवर कड घेऊन सोंगटी परत आणणाऱ्या मुलाला पुढे कुशनचा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. अडते ते अंतरापाशी.

पुण्यात २ मे १९२२ रोजी जन्मलेले विल्सन जोन्स हे अँग्लो-इंडियन समाजातले. त्यांच्या हाताची नेमबाजी लहानपणी गोट्या खेळण्यात तयार झाली, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. पुण्याच्या मातीतली गोटी आणि बारा फुटी मेज ह्यांमधले अंतर त्यांनी कसे तोडले, ते नुसत्या तारखांवरूनही जाणवते. १९४८ साली स्नूकरचे राष्ट्रीय विजेतेपद, १९५० साली बिलियर्ड्सचे. पुढे बिलियर्ड्सचे विजेतेपद एकूण १२ वेळा. देशात त्यांस तोड राहिली नाही, पण परदेशी स्पर्धांत पुनःपुन्हा हार आली. मापाने मेज तेच, पण कापड वेगळे, हवा वेगळी, चेंडूंची धाव वेगळी. अखेर १९५८ साली कलकत्त्यास, ओळखीच्या हवेत, वयाच्या ३६ व्या वर्षी ते जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेते झाले. कोणत्याही खेळात वैयक्तिक जागतिक विजेतेपद मिळविणारे ते पहिले भारतीय. घरच्या मेजावर जिंकले, असे म्हणणारे तेव्हाही असतीलच. १९६२ साली पर्थला बॉब मार्शल ह्याने आपल्या घरच्या मेजावर त्यांस मागे टाकले. मग १९६४ साली न्यूझीलंडमध्ये, पूर्णपणे परक्या मेजावर, ४२ व्या वर्षी, जोन्स पुन्हा जगज्जेते झाले. आम्हांस त्यांच्या दोन विजयांत हा दुसरा मोठा वाटतो. पहिल्याने देशाला अभिमान दिला; दुसऱ्याने सिद्ध झाले की मेजाचा परकेपणा हा ओलांडता येणारा अडथळा आहे, मात्र त्याला चौदा-पंधरा वर्षे लागू शकतात.

त्यानंतर मुंबईचे मायकेल फेरेरा, अहमदाबादचे गीत सेठी अशी परंपरा चालली. सेठींनी १९९२ साली व्यावसायिक जागतिक स्पर्धेत १२७६ गुणांची खेळी केली. ह्या थोर खेळाडूंविषयी स्वतंत्र लिहावे लागेल.

बंगळूरची गोष्ट मात्र सांगावयास हवी. १९९० साली जागतिक बिलियर्ड्स स्पर्धा ह्या शहरात झाली आणि मनोज कोठारी विजेते ठरले. त्याच सुमारास आखाती युद्धामुळे कुवेत सोडून एक कुटुंब बंगळुरास आले. त्यातला धाकटा मुलगा पंकज अडवाणी. जन्म पुण्याचा, २४ जुलै १९८५. थोरल्या भावामागोमाग तो दहाव्या वर्षाच्या सुमारास बिलियर्ड्सच्या खोलीत शिरला. त्या वयाच्या मुलाला बारा फुटी मेजाचा मध्यसुद्धा हाताला लागत नाही. त्याच्या लेखी प्रत्येक मेज मोठेच. जुने राष्ट्रीय विजेते अरविंद सावूर ह्यांनी त्यास शिकविले. २००३ साली चीनमध्ये तो स्नूकरचा हौशी जगज्जेता झाला आणि २००५ साली माल्टात बिलियर्ड्सच्या वेळेच्या व गुणांच्या अशा दोन्ही प्रकारांत. २००८ साली बंगळुरातच दोन्ही किताब पुन्हा. २०२४ च्या अखेरीस त्याच्या जागतिक विजेतेपदांची संख्या २८ झाली होती. ह्या यशाच्या मधोमध एक प्रकरण आहे ते आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलके. २०१२ साली तो विलायतेत व्यावसायिक स्नूकर खेळावयास गेला. २०१३ च्या वेल्श स्पर्धेत उपउपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. पण २०१४ साली परत आला. मेजाची लांबी तीच होती. तरी गावोगाव हिंडणे, परक्या खोल्यांतील थंडी, आणि बिलियर्ड्सचा हळुवार हात व स्नूकरचा कठोर हात ह्यांची ओढाताण, हे सारे मिळून मेजच जणू वाढले होते. परत येणे हा त्याचा पराभव होता असे आम्ही मुळीच मानीत नाही.

महादेवपुऱ्याच्या विश्रांतिकक्षातून निघून मोठ्या मेजाकडे जाणाऱ्या चाळिशीपलीकडील गृहस्थांना ह्या इतिहासातून काय घेता येईल? जे टिकतात त्यांच्यात काही गोष्टी आम्हांस समान दिसल्या. ते पहिले काही दिवस पॉकेटात चेंडू घालण्याचा नादच सोडून देतात आणि एकटा पांढरा चेंडू मेजाच्या लांबीने मारून परत आपल्या क्यूच्या टोकाशी आणण्याचा सराव करतात. लहान मेजावर मनगटाने मारण्याची जी सवय असते ती मोडून हनुवटी क्यूला टेकेपर्यंत खाली वाकतात. कंबर कुरकुरते, पण त्याला इलाज नाही. लांबचा चेंडू दिसला की तो मारावयाचा असा जो लहान मेजाचा संस्कार, तो टाकण्यास सर्वांत अधिक वेळ लागतो. तेथे प्रत्येक चेंडू आवाक्यात असतो, म्हणून न मारणे म्हणजे भ्याडपणा वाटतो. येथे चेंडू मारण्याजोगा नाही हे ओळखून पांढरा हलकेच मागे नेऊन ठेवणे, ह्यातच निम्मा खेळ आहे. तरुण मुलगा हे ऐकत नाही आणि नेमाच्या जोरावर तरूनही जातो. जुन्या माणसाला मात्र आपण काय करू शकत नाही ह्याची यादी पाठ असते, आणि मोठ्या मेजावर तीच त्याची पुंजी. ‘रेस्ट’ नावाची टेकण्याची काठी वापरावयास त्याला लाज वाटत नाही, ही दुसरी.

राहिला डोळ्यांचा प्रश्न, आणि आमच्या वाचकांपैकी बहुतेकांच्या नाकावर चष्मा असल्यामुळे तो टाळता येत नाही. खाली वाकून लांब पाहू लागताच साध्या चष्म्याची वरची कड नेमकी दृष्टीच्या रेषेत येते. लहान मेजावर, अर्धवट उभ्याने मारताना, हे जाणवतही नाही. जो डेव्हिसचा धाकटा भाऊ फ्रेड ह्याची दृष्टी तरुणपणीच अधू होती. त्याने भिंगे कलती करता येतील असा चष्मा करवून घेतला आणि तो लावून १९७८ साली, ६४ व्या वर्षी, जागतिक स्नूकर स्पर्धेची उपांत्य फेरी गाठली. १९८० साली तर बिलियर्ड्सचा व्यावसायिक जगज्जेता झाला. उत्तर आयर्लंडच्या डेनिस टेलरने उलटा बसविल्यासारखा दिसणारा भला मोठा चष्मा घातला, लोक हसले, आणि १९८५ साली शेवटच्या डावाच्या शेवटच्या काळ्या चेंडूवर त्याने स्टीव्ह डेव्हिसला १८-१७ असे हरविले. असा चष्मा बंगळुरात करून मिळतो. मात्र भिंगे भुवयांच्या वर चढली पाहिजेत असे सांगितले, म्हणजे दुकानदार आधी कागदावरचा नंबर पुन्हा वाचतो आणि मग आपल्या तोंडाकडे पाहतो.